ढोले मॅडमचा बर्फाचा हंगाम

ढोले मॅडमनी बर्फात घालायचे बूट पहिल्यांदा पायात चढवले तेव्हा नाचणगावात मे महिना चालू होता. दुपारी रस्त्यावर कुत्रंसुद्धा दिसत नव्हतं आणि कुलरमध्ये ओतलेलं पाणी कुठे जायचं ते कळत नव्हतं. अशा दुपारी मी लोणच्याची बरणी द्यायला त्यांच्याकडे गेले, तर मॅडम पातळ खोचून, पोटरीपर्यंत येणारे पांढरे जाडजूड बूट घालून अंगणात फेऱ्या मारत होत्या. मला आधी वाटलं, दोन्ही पायांना प्लास्टर घातलंय.

"काय झालं हो मॅडम पायांना?"

"काई नाई झालं. बूट बसवून राह्यली. सीझनच्या आधी पायाची अन् बुटाची ओळख व्हाले पाह्यजे."

"कसला सीझन?"

"बर्फाचा," मॅडम म्हणाल्या आणि कपाळावरचा घाम पदराला पुसून पुढच्या फेरीला निघाल्या.

कोणी दुसऱ्याने हे सांगितलं असतं तर मी त्याला सावलीत बसवून कांदा हुंगायला दिला असता. पण ढोले मॅडम होत्या. आमच्या शाळेत त्या खेळाच्या शिक्षिका, मी मराठीची. वयाने त्या माझ्याहून बऱ्याच मोठ्या, निवृत्तीला आलेल्या; उंचीने माझ्या खांद्याला लागतील, पण आवाज असा की नाचणगावच्या मैदानावर शिट्टीची गरज पडत नसे. त्यांच्या हाताखाली गावातल्या दोन पिढ्यांच्या मुली कबड्डी खेळल्या. माझ्याशी त्यांची मैत्री का जमली हे मला आजवर कळलेलं नाही. मला खेळ आवडत नाहीत, ऊन सोसत नाही आणि थंडी तर त्याहून सोसत नाही. बहुतेक आपल्या बडबडीला कोणीतरी बसून ऐकणारं लागतं म्हणून त्यांनी मला निवडलं असावं.

मॅडमचा पहिला तास दरवर्षी एकाच गोष्टीचा. नव्या मुलींना त्या खेळायला नाही, पडायला शिकवत. मऊ मातीत ओळीने उभ्या करून म्हणत, "पडा." मुली लाजत, एकमेकींकडे बघत. मग मॅडम स्वतः धप्पकन पडून दाखवत आणि तितक्याच झटक्यात उठत. "पडाची लाज वाटली तं खेळ संपला," असं त्यांचं म्हणणं. आणि दुसरा धडा म्हणजे दोन शब्द: "गुडघे वाकवा!"

हे दोन शब्द त्या कशालाही लावत. कबड्डीला तर लावतच, पण बोर्डाच्या परीक्षेला निघालेल्या मुलीलाही तेच सांगत, नोकरीच्या मुलाखतीला निघालेलीलाही तेच. एकदा एका माजी विद्यार्थिनीच्या लग्नात वरमाला घालायच्या वेळी मागून आवाज आला, "पोरी, गुडघे वाकव!" आणि नवरी खरंच वाकली, तशी नवऱ्याकडच्यांनी कडेवर उचलून धरलेल्या नवऱ्याची माळ भलतीकडे गेली. मी एकदा विचारलं, हे काय खूळ आहे. तर म्हणाल्या, "ताठ उभं राह्यलेलं मानूस पहिले पडते, मीना. अन् पडलं का मोडते. वाकलेल्या मानसाले धक्का लागला तं तो सावरून घेते." आता एवढं सरळ उत्तर मिळाल्यावर चेष्टा कशाची करणार?

तर बर्फ. झालं होतं असं की त्या उन्हाळ्यात गरमी सोसवेना म्हणून मॅडम दुपारी मोबाईलवर बर्फाचे व्हिडिओ बघत पडायच्या. त्यांच्या मते त्याने खोलीतला गारवा वाढतो. बघता बघता त्यांना एक बाई दिसली. पांढऱ्या केसांची, कुठल्या देशाची कोण जाणे, एका फळीवर दोन्ही पाय आडवे बांधून डोंगरावरून वळणं घेत खाली येत होती. मॅडमनी तो व्हिडिओ मला इतक्यांदा दाखवला की ती बाई माझ्या स्वप्नात येऊ लागली.

"पाह्यलं? गुडघे पाह्य तिचे. कशी वाकली हाये!" मॅडम म्हणाल्या. "हे मले जमते."

जमलंही असतं, पण मधे गुडघाच आला. मॅडमचा उजवा गुडघा गेली काही वर्षं कुरकुरत होता. जून लागता लागता त्या वर्ध्याच्या डॉक्टरांकडे गेल्या, सोबत मी होते. डॉक्टरांनी एक्स-रे उजेडाला धरला, पुन्हा धरला आणि सांगितलं की गुडघा झिजलाय, बदलावा लागेल, आणि बदलल्यावर उड्या, पळापळ, पडापड सगळं बंद.

"कधी बदलता?" मॅडमनी विचारलं.

"लवकर केलेलं बरं. दिवाळीनंतर करू या."

"मार्चमंदी करा जी. जानेवारीत मले काम हाये."

"कसलं काम?"

मॅडमनी सांगितलं. डॉक्टरांनी चष्मा काढला, माझ्याकडे पाहिलं. मी खांदे उडवले. खूप वेळ दोघांचं चाललं. शेवटी डॉक्टर इतकंच म्हणाले, "पडू नका म्हणजे झालं." तिथून आम्ही एसटी स्टँडवर आलो. बस लागल्यावर मॅडम म्हणाल्या, "एकच हिवाळा हाये, मीना. यंदा उभ्यानं खाली आली तं आली. नाई तं राह्यलंच." मी काहीतरी समजुतीचं बोलणार होते, पण तेवढ्यात कंडक्टरने दार उघडलं आणि पायरीवर चढताना मॅडमना गुडघा वाकवता येईना. मी मागून आधार दिला. तेव्हा मला पहिल्यांदा त्यांच्या या वेडाची भीती वाटली आणि ते पुरं व्हावं असंही वाटलं.

त्या दिवसापासून सामानाची निवड सुरू झाली. लग्नाचा बस्ता परवडला. आधी प्रश्न आला, कोणता पाय पुढे ठेवायचा? या फळीवर माणूस आडवं उभं राहतं. कोणाचा डावा पाय पुढे असतो, कोणाचा उजवा, आणि त्यानुसार पायाचे पट्टे बसवतात. मॅडमनी कुठेतरी ऐकलं की हे ठरवायचा सोपा उपाय म्हणजे माणसाला बेसावध असताना मागून ढकलायचं. तोल सावरायला जो पाय आधी पडेल तो पुढचा. ऐकलं ते खरं की खोटं हे तपासल्याशिवाय त्या स्वस्थ बसणाऱ्या नव्हत्या. दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत मुख्याध्यापक नोटीस बोर्डासमोर चष्मा वर करून काहीतरी वाचत होते. मॅडमनी मागून जाऊन त्यांना दणकन ढकललं.

मुख्याध्यापक नोटीस बोर्डाला आपटून वळले.

"उजवा," मॅडम शांतपणे म्हणाल्या. "सर, तुमचा उजवा पाय पुढं येते. ध्यानात ठेवजा."

पुढे कितीतरी दिवस सर भिंतीला पाठ लावून उभे राहत.

पण मॅडमना स्वतःला कोण ढकलणार? त्यांनी स्टाफरूममध्ये जाहीर केलं की ज्याला जमेल त्याने आपल्याला बेसावध गाठून ढकलावं, राग येणार नाही. कोणाची छाती होईना. मी एकदा प्रयत्न केला, पण त्यांनी पाठीमागूनच माझी चाहूल घेतली आणि कबड्डीच्या सवयीने मला घोट्याला धरून खाली बसवलं. शेवटी पुलगावच्या बाजारात हे काम एका गोऱ्ह्याने केलं. मॅडम वांगी निवडत होत्या, गोऱ्ह्याला पलीकडची मेथी दिसली आणि मधे मॅडम होत्या. धक्का बसला, मॅडम धडपडल्या, वांगी उधळली. भाजीवाली "अवो बाई, लागलं का?" म्हणून उठली, तर मॅडम आपल्या पायाकडे बोट दाखवून आनंदाने ओरडत होत्या, "डावा! मीना, पाह्य, डावा पुढं आला!" आणि त्यांनी त्या गोऱ्ह्याला मेथीची एक जुडी स्वतः विकत घेऊन खाऊ घातली.

फळी आली ती पुण्याहून, कोणा हौशी मुलाने वापरून सोडलेली. लांबी हनुवटीपर्यंत हवी असं कळलं होतं, म्हणून मॅडमनी आधी घरातली शिडी, मग खाटेची पाटी, मग मुसळ असं सगळं हनुवटीला लावून पाहिलं आणि अंदाज घेतला. पार्सल उघडलं तेव्हा अर्धी गल्ली जमली. कोणी म्हणालं इस्तरीचं टेबल आहे, पाय यायचे राहिलेत. शेजारच्या काकूंनी हात फिरवून पाहिला, गुळगुळीत लागलं, आणि दुसऱ्या दिवशी मॅडम शाळेत गेल्यावर त्यांनी तिच्यावर मुगाच्या वड्या घातल्या. मॅडम आल्या, पाहिलं आणि म्हणाल्या, "वाळू द्या आता. पन काढताना उलथनं नाई लावाचं." त्या वड्या इतक्या सहज सुटल्या की मॅडमना फळीच्या घसरणीबद्दल खात्रीच पटली.

बाकीचं सामान शेतातूनच निघालं. डोळ्यांना कपाशीच्या फवारणीचा चष्मा, हातांना फवारणीचे हातमोजे. हे सुचवलं ते ढोलेभाऊंनी. ढोलेभाऊ म्हणजे मॅडमचे यजमान. कपाशीची शेती करतात. उंच, काटकुळे, आणि इतके कमी बोलणारे की पाहुण्यांना वाटावं, घरात आणखी एक पाहुणाच बसलाय. मॅडमच्या कुठल्याही बेतावर त्यांचं ठरलेलं वाक्य, "होते तं होऊ दे." बर्फाचं ऐकल्यावरही तेच म्हणाले. गुडघ्याचं ऐकल्यावर मात्र उठून शेतात गेले आणि अंधार पडेपर्यंत आले नाहीत.

आमच्याकडे कापसाच्या पहिल्या वेचणीला शेतात पूजा करतात, दहीभाताचा नैवेद्य दाखवतात. त्याला सीतादही म्हणतात. त्या वर्षी सीतादहीच्या दिवशी मी शेतात जेवायला होते. पूजा झाली आणि भाऊंनी पहिल्या वेच्याचा कापूस इतर कापसात न मिसळता वेगळ्या गाठोड्यात बांधला. मी विचारलं, हा कशाला?

"कोट," भाऊ म्हणाले.

ते गाठोडं त्यांनी स्वतः जिनिंगमध्ये, म्हणजे कापसातलं बी काढतात त्या गिरणीत, नेऊन वेगळं पिंजून घेतलं, पुलगावच्या गादीवाल्याकडे दिलं आणि समोर बसून कोट भरून घेतला. गादीवाल्याला गाद्यांची सवय. त्याने गादीच्याच निळ्या पट्ट्यांच्या कापडाचा कोट शिवला आणि जागोजागी गादीसारखेच टाके मारले. मॅडमनी तो घातला तेव्हा त्यांचे हात शरीराला टेकेनात. एक लहानशी गादी उठून चालू लागली आहे असं दिसायचं. मला हसू आवरेना. पण मॅडम आरशात स्वतःला पाहत होत्या, भाऊ दारात उभे राहून मॅडमकडे पाहत होते, आणि दोघांच्याही तोंडावर जे होतं ते पाहून मी माझं हसू चहाच्या कपात बुडवलं.

"गरम होते नं?" भाऊंनी विचारलं.

"लय," मॅडम म्हणाल्या.

सराव झाला जिनिंगमध्ये. दिवाळीनंतर तिथे सरकीचे, म्हणजे कापसातून निघालेल्या बियांचे, ढीग लागतात, चांगले घरापेक्षा उंच. मशीन बंद असेल तेव्हा मॅडम फळी घेऊन ढिगावर चढायच्या. त्या निघाल्या की त्यांच्याबरोबर अर्धा ढीगही निघायचा आणि खाली पोचेपर्यंत मॅडम कमरेपर्यंत सरकीत. हमाल हातातली कामं सोडून फावडी घेऊन धावायचे. "याले बर्फाचा कडा कोसळनं म्हन्तात," मॅडम आतून सांगायच्या, "हेही शिकाच लागते." सरकीवर उभ्याने खाली येणं त्यांना एकदाही जमलं नाही. उजवा गुडघा ऐन वेळी वाकायला नकार द्यायचा.

जानेवारीत आम्ही गुलमर्गला गेलो. आम्ही म्हणजे मॅडम आणि मी. भाऊंचा कापूस शेतात उभा होता, ते येऊ शकत नव्हते. माझं काम एकच: मॅडम उभ्याने खाली येतील तेव्हा व्हिडिओ काढायचा, भाऊंसाठी. भाऊंनी मला स्टेशनवर बाजूला घेऊन त्यांच्या मानाने भाषणच केलं: "पूर्ण काढजा, मॅडम. वरपासून." एवढ्यासाठी मी, जिला डिसेंबरात वर्ध्याला दोन स्वेटर लागतात, काश्मीरला निघाले. मैत्रीची किंमत मोजताना माणसाने नकाशा बघावा.

तिथे शिकवायला मंजूर नावाचा प्रशिक्षक होता. फेरन म्हणजे सैल काश्मिरी झगा घातलेला, हसतमुख, सौम्य माणूस. त्याने फळी पाहिली, ठीक म्हणाला. बूट पाहिले, ठीक म्हणाला. कोटाला हात लावला आणि त्याचा चेहरा पडला.

"मॅडम, इसमें क्या है?"

"कॉटन," मॅडम अभिमानाने म्हणाल्या. "घर का."

"मॅडम, पहाड में कॉटन नहीं चलता. गीला हुआ तो सूखता नहीं, ठंड अंदर बैठ जाती है. किराये पे जॅकेट ले लीजिए."

मॅडमनी त्याच्याकडे असं पाहिलं, जणू त्याने भाऊंनाच नावं ठेवली. "भैया, हमारे उधर सब कॉटन पेच चलता है," त्या म्हणाल्या, आणि कोट न काढता चढावर निघाल्या.

उतार काही फार मोठा नव्हता. वर एक लाल झेंडा रोवलेला, खाली चहाच्या टपऱ्या. नवशिकी पोरंटोरं तिथेच शिकत. झेंड्यापासून टपरीपर्यंत न पडता यायचं, एवढीच काय ती मॅडमची महत्त्वाकांक्षा. त्या दिवशी त्या किती वेळा पडल्या ते मोजायची सोयच नव्हती. उठल्या की पडत. दर पडण्याला कोट थोडा बर्फ पीत होता. दुपारपर्यंत त्याचं वजन एवढं झालं की मॅडमना उठवायला मंजूर आणि मी दोघं लागू लागलो. दात वाजत होते, तरी कोट काढायला तयार नाहीत. मंजूरने आपल्या फेरनमधली निखाऱ्यांची कांगडी काढून त्यांच्यापुढे धरली, कोटाच्या आत घ्या म्हणाला. मॅडम किंचाळून मागे सरल्या. कापसाजवळ विस्तव? जिनिंगच्या आवारात बिडी पेटवणाऱ्याला ज्या बाईने कान धरून बाहेर काढलं होतं, ती अंगावरच्या कापसात निखारे घेणार? टपरीत शेगडीभोवती सगळे कोंडाळं करून बसले होते, मॅडम एकट्या दाराजवळ वाऱ्यात बसल्या. "तुमी शेका," म्हणाल्या, "माह्या अंगावर कापूस हाये."

संध्याकाळी हॉटेलातही तो कोट त्यांनी शेगडीच्या खोलीत वाळत घालू दिला नाही. बाहेर गॅलरीत दोरीवर टाकला. सकाळी दार उघडलं तर कोट गोठून लाकूड झाला होता. दोरीवरून काढून खाली ठेवला तर हात फाकवून आपला आपण उभा राहिला. भाऊंइतका उंच नव्हता, पण काटकपणा तोच आणि गप्पपणाही तोच. मॅडम त्याच्यासमोर उभ्या राहिल्या.

"काय पाहून राह्यले जी?" त्या कोटाला म्हणाल्या. "येतो खाली. आज येतो."

त्या दिवशीही नाही आल्या. मंजूरने आग्रहाने जॅकेट दिलं होतं, पण आता दुसरीच गोष्ट उघडी पडली. मॅडमना पडायची भीती वाटत होती. दोन पिढ्यांना पडायला शिकवलेल्या बाईला! गुडघ्यावर पडू नये म्हणून त्या मागे पडत, मागे पडून माकडहाड शेकून निघे, त्याला भिऊन पाय ताठ करत आणि ताठ झाल्या की पडत. मंजूर खालून ओरडत होता, "घुटने मोडो, मॅडम! घुटने मोडो!"

मॅडम बर्फात बसल्या बसल्या त्याच्याकडे बघत राहिल्या. त्यांचं वाक्य त्यांनाच कोणी ऐकवलं होतं. मला वाटलं, आता मंजूरचं काही खरं नाही. पण त्या हळूच म्हणाल्या, "बरोबर सांगून राह्यला तो." आणि डोळ्यांवरचा फवारणीचा चष्मा काढून पुसायला लागल्या. तो आतून ओला झाला होता.

तिसरा दिवस शेवटचा. परतीची गाडी दुसऱ्या दिवशी सकाळी. उजाडताच पाहते तर मॅडम अंथरुणावर मांडी न घालता, पाय पसरून बसलेल्या आणि समोर कोटाची घडी. रात्रभर खोलीत राहून तो वितळला होता आणि त्या दोन्ही हातांनी पिळत होत्या. मग सामानाखालून त्यांनी युरियाची रिकामी गोणी काढली. फळी गुंडाळून आणली होती तीच. कोटाची घट्ट घडी त्या गोणीत कोंबली, तोंड बांधलं, गोणी स्वतःच्या बुडावर धरली आणि मला म्हणाल्या, "तुई ओढनी दे. बांध मागून. कसून बांध."

"मॅडम, लोक काय म्हणतील?"

"पडली तं लागनार नाई. लागनार नाई तं भ्याव नाई. भ्याव नाई तं गुडघा वाकन. बांध."

मी बांधली. खत लिहिलेली बाजू बाहेर आली, पण आता कोण सांगणार. झेंड्यापाशी मंजूरने ते प्रकरण पाहिलं, तोंड फिरवून खूप वेळ खोकला. मॅडमनी आधी मुद्दाम एकदा धप्पकन बसून पाहिलं. हसल्या. पुन्हा बसल्या. मैदानावरच्या मऊ मातीत बसत तशा. मग उठून उभ्या राहिल्या, डावा पाय पुढे, आणि मी खाली टपरीपाशी मोबाईल धरून उभी राहिले.

त्या निघाल्या. पहिल्या वळणावर डुलल्या. सवयीने मी डोळे मिटणार होते, पण उजवा गुडघा वाकलेला मला इतक्या लांबून दिसला. चांगला वाकला होता. पुढे नवी लग्न झालेली एक जोडी फोटो काढत होती, त्यांना मॅडमनी "बाजू व्हा रे, बाजू!" म्हणून हाकललं. मागे गोणी हेलकावे खात होती. बर्फावरच्या घसरगाड्या ओढणारे स्लेजवाले थांबले, चहावाला भांडं हातात घेऊन बाहेर आला. मॅडम वेडीवाकडी, हात पसरून, ओरडत, पण उभ्या अशा खाली आल्या. थांबायचं कसं हे त्या शिकल्याच नव्हत्या. टपरीच्या कडेला सारलेल्या बर्फाच्या ढिगात फळी रुतली आणि त्या थांबल्या. उभ्याच.

मी धावले. मॅडम हलायलाच तयार नाहीत. "थांब," म्हणाल्या, "राहू दे जराशी उभी." आणि रडायला लागल्या. मीही. चहावाल्याने दोघींच्या हातात न मागता कप दिले.

"काढला नं? वरपासून?"

मी मोबाईल पाहिला. पडदा काळा. थंडीने तो केव्हाच बंद पडला होता, मॅडम झेंड्यापाशी असतानाच. मी पडदा त्यांना दाखवला. परत वर जाऊन येण्याइतका गुडघा उरला नव्हता, हे दोघींनाही माहीत होतं. मॅडमनी कप संपवला.

"जाऊ दे," त्या म्हणाल्या. "तू मराठीची मॅडम हायेस नं? तूच सांगजो भाऊले."

घरी आल्यावर मी सांगितलं. भाऊ ओट्यावर बसले होते. मी म्हटलं, आल्या हो भाऊ, उभ्याने आल्या. भाऊ म्हणाले, "असं नाई. वरपासून." मग मी वरपासून सांगितलं: झेंडा, वळण, जोडपं, चहावाला. ते मान हलवत ऐकत होते. झाल्यावर विचारलं, "कोट होता नं अंगावर?"

मी मॅडमकडे बघितलं. "शेवटपर्यंत सोडला नाही त्यांनी," मी म्हणाले, आणि हे खोटं नव्हतं.

"बुडाखाली होता!" मॅडम आतून ओरडल्या. "तुमच्या कापसावर बसून आली मी!"

भाऊंनी विचार केला. "म्हंजे कामाले आला," म्हणाले, आणि मी त्यांना पहिल्यांदा दात दिसेपर्यंत हसताना पाहिलं. त्यानंतर मी जेव्हा जेव्हा त्या घरी गेले तेव्हा चहा यायच्या आधी भाऊंची एकच मागणी: "सांगा बरं, मॅडम. वरपासून." दर वेळी वळण थोडं अवघड होत गेलं. मराठीची असल्याचा एवढा तरी उपयोग व्हावा.

मार्चमध्ये ठरल्याप्रमाणे गुडघा बदलला. बर्फाचा कोट आता वाळून पाय टेकवायची उशी झाला होता. पुढे मॅडम निवृत्त झाल्या आणि माझी बदली तळेगावच्या शाळेत झाली. निघायच्या आदल्या संध्याकाळी मी निरोप घ्यायला गेले तर घराला कडी. शेजारच्या काकू म्हणाल्या, "जिनिंगमंदी गेले दोघं." दिवाळी होऊन गेली होती, सरकीचे ढीग लागले होते.

फाटकातून पाहिलं. हमाल काम थांबवून उभे होते. ढिगाच्या पायथ्याशी खुर्ची टाकून मॅडम बसल्या होत्या, हातात काठी, नवा पाय त्या पट्ट्यापट्ट्यांच्या कोटावर सरळ ठेवलेला. आणि ढिगाच्या माथ्यावर, फळीला पाय बांधून, धोतर खोचून, बाभळीच्या खांबासारखे ताठ, ढोलेभाऊ उभे होते. जन्मात कुठल्या भानगडीत न पडलेला तो माणूस खाली बघत होता.

मी हाक मारणार होते, पण मारली नाही. मॅडमनी काठी उंच केली आणि मैदानावरचा तो जुना आवाज जिनिंगच्या पत्र्यांवर घुमला:

"वाकवा नं जी गुडघे! तुमचे तं अजून ओरिजिनल हायेत!"